मोतीबिंदू म्हणजे आढीतला आंबा नव्हे

आदरणीय ताई,

आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडच्या एका गावात राहतो. सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. उजव्या डोळ्याने त्यांना दोन वर्षांपासून काहीच दिसत नाही. तेव्हा बेळगावला दाखवलं होतं. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, म्हणाले. डाव्या डोळ्यात घालायला थेंब दिले. ते सहा महिने घातले, फरक काही वाटेना, मग राहूनच गेलं. आता डाव्या डोळ्यालाही धुरकट दिसतं. गेल्या महिन्यात पुन्हा नेलं तर त्यात मोतीबिंदूही आहे, ऑपरेशन करून घ्या, पण नंतर किती दिसेल ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मिस्टर म्हणतात, गॅरंटी नाही तर चिरायचं कशाला? गावातले म्हणतात, अजून पिकला नाही, पिकू दे. शेजारच्या काकांचा डोळा कॅम्पातल्या ऑपरेशननंतर गेला, त्याची भीती आहेच. एकजण सांगतो, आधी अपंगाचं सर्टिफिकेट काढा, सरकारी पगार (पेन्शन) सुरू करून घ्या, ऑपरेशन मग करा.

घरात आणखी एक वाद आहे. मागच्या पावसाळ्यात त्या न्हाणीत घसरल्या, तेव्हापासून मी त्यांना चुलीकडे, परड्यात, कुठेच जाऊ देत नाही. त्या म्हणतात, ‘मला कोपऱ्यात बसिवलीस की गे.’ गावात जन्मापासून न दिसणारा एक मुलगा आहे, बेळगावला शिकून आलाय. त्याचा आवाज आला की या रडायला लागतात, ‘माझंबी आसंच होणार’ म्हणून. मिस्टर ४४ वर्षांचे आहेत, टेम्पो चालवतात, बेळगाव ते गोवा. घरी फार नसतात. मी काय करू?

एक सून, खानापूर तालुका

सूनबाई,

तुमच्या पत्रात जो तो थांबायलाच सांगतोय. मिस्टर म्हणतात गॅरंटी मिळेपर्यंत, गाव म्हणतं पिकेपर्यंत, तो सर्टिफिकेटवाला म्हणतो पगार सुरू होईपर्यंत. म्हणून आधी माझं म्हणणं सांगते, बाकीचं मग निवांत वाचा. याच आठवड्यात सासूबाईंना पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. थेंब बंद आहेत हे न लपवता सांगा, ते पुन्हा सुरू करून घ्या आणि ऑपरेशनची तारीख घेऊनच घरी या. घरात जुनी बाटली पडली असेल तर ती घालू नका, उघडलेली बाटली साधारण महिनाभरच चालते.

मी डॉक्टर नाही. पंधरा वर्षं डोळे तपासणीच्या शिबिरांत नोंदणीच्या टेबलावर बसले आहे, नावं लिहिता लिहिता जे कानावर पडलं आणि डॉक्टरांना विचारून जे कळलं, ते सांगते.

आधी काचबिंदू. डोळ्याच्या आत एक पाणी सारखं तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून निघून जात असतं. मोरीच्या तोंडाशी कचरा अडकला की न्हाणीत पाणी तुंबतं ना, तसंच ती जाळी नीट वाहिनाशी झाली की आत दाब वाढतो. त्या दाबाखाली डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. बहुतेकांना पत्ता लागतो तो नस बरीचशी गेल्यावर, आणि मेलेली नस पुन्हा जिवंत करायचा उपाय आज जगात कुठेच नाही. म्हणून उजव्या डोळ्याचा विषय संपला, त्यासाठी कुणी जडीबुटी, मंत्र, अंजन घेऊन आलं तर दारातूनच वाटेला लावा.

थेंबांनी फरक वाटेना म्हणून ते राहून गेले, असं तुम्ही लिहिलंय. शिबिरात मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की समोरचं माणूस तोंड उघडायच्या आधीच ते मला ऐकू येतं. अहो, ते थेंब नजर वाढवायला नसतातच. आहे तेवढी राखायला असतात. परड्याला कुंपण घातल्याने भाजी वाढत नाही, पण गुरं तरी शिरत नाहीत. ते रोज, ठरल्या वेळी आणि जन्मभर घालायचे असतात. एका वेळी एकच थेंब, दुसरा घातलात तर तो गालावरूनच ओघळतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर हलकेच दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन प्रकारचे थेंब असले तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. आणि सासूबाईंना दम लागत असेल, चुलीच्या धुराने छाती भरत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काचबिंदूच्या काही थेंबांनी दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो, त्यांना दुसरे थेंब लिहून देतात. पैशाची ओढाताण असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा, यातले काही थेंब तिथे बरेच स्वस्त मिळतात.

आता मोतीबिंदू. ‘पिकू दे’ हा सल्ला खोटा नाही, जुना आहे. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी आठवत असतील. शाळेत, धर्मशाळेत शिबिरं लावून त्यांनी गावोगाव मोतीबिंदू काढले, १९६८ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या काळात डोळ्यातलं खराब झालेलं भिंग अख्खं काढायचे, आत दुसरं काही बसवत नव्हते, आणि माणूस सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून घरी यायचा. असल्या ऑपरेशनाची घाई कोण करणार? भिंग पुरतं पांढरं होईपर्यंत, माणूस अगदी चाचपडायला लागेपर्यंत थांबायचे. तोच रिवाज आपल्या तोंडात राहिला आणि ऑपरेशन मात्र बदललं. आता फार तर भाताच्या दाण्याएवढ्या चिरेतून गढूळ भिंग काढतात आणि त्याच जागी मोजमाप घेऊन निवडलेलं कृत्रिम भिंग बसवतात. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगं आपल्याच देशात बनवायला घेतली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली. पूर्ण भूल लागत नाही, माणूस जागा असतो, आणि बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

सासूबाईंसाठी पिकू देणं नुसतं बिनकामाचं नाही, घातकही आहे. फार पिकलेलं भिंग दगडासारखं घट्ट होतं, काढायला अवघड जातं. शिवाय ते फुगतं आणि डोळ्यातला दाब एकदम वाढवू शकतं. ज्या डोळ्याला दाबाचाच आजार आहे, जो त्यांचा उरलेला एकुलता एक डोळा आहे, त्यात हे होऊ द्यायचं का? मोतीबिंदू म्हणजे काही आढीत घातलेला आंबा नव्हे. कधी डोळा एकदम दुखून लाल झाला, उलटी आली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, तर रात्र असो की पाऊस, तशाच निघा.

मग डॉक्टर ‘किती दिसेल सांगता येत नाही’ असं का म्हणाले? गॅरंटी नाही असा त्याचा अर्थ मिस्टरांनी घेतला. मला तर त्या डॉक्टरांचा खरेपणा आवडला. खिडकीची काच धुरकटलेली आहे, आणि बाहेर उजेड किती उरलाय हे काच पुसल्याशिवाय आतल्यालाही कळत नाही, बाहेरच्यालाही नाही. मोतीबिंदू म्हणजे ती काच, तर काचबिंदूने बाहेरचा उजेडच कमी केलेला. ऑपरेशनने काच स्वच्छ होईल. नस जितकी शाबूत असेल तितकं दिसेल, त्याहून जास्त नाही. पण डॉक्टरांनाही ती नस नीट तपासता यावी, म्हणून काच पुसायलाच हवी. मिस्टरांना असं सांगून बघा. टेम्पोच्या पुढच्या काचेवर चिखल उडाला तर रस्ता चांगला असल्याची गॅरंटी मिळेपर्यंत ते वायपर मारायचे थांबतात का?

जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहून आणा. डाव्या डोळ्यातला दाब किती, नस किती खराब झालीय, आणि मोतीबिंदूबरोबरच काचबिंदूचंही ऑपरेशन करायचं आहे का. कधी कधी दोन्ही एकदम करतात. बोलणं कानडीत चालू झालं आणि तुम्हाला कळेना, तर गप्प मान डोलवू नका. मराठीत सांगा म्हणा. बेळगावच्या दवाखान्यात मराठी समजणारी एक तरी नर्स असतेच.

काकांच्या डोळ्याचं काय झालं ते मला इथून सांगता येणार नाही. पण ‘कॅम्पात ऑपरेशन’ हे शब्दही जुने झालेत. आता शिबिरात फक्त तपासतात, ऑपरेशन करायला माणसांना गाडीत घालून दवाखान्याच्या थिएटरात नेतात. डोळे जातात ते बऱ्याचदा नंतरच्या दिवसांत. शुगर आटोक्यात नव्हती, थेंब अर्ध्यात सोडले, डोळ्यात पाणी गेलं, कुणी मळक्या पदराने पुसलं, आणि दुखायला लागल्यावर ‘उद्या बघू’ म्हटलं. ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, लाली वाढली, घाण यायला लागली, दिसत होतं ते कमी झालं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी परत जायचं, दिलेली तारीख बघत बसायचं नाही.

तारखेवरून आठवलं. पेरणी झाली की बघू, मग लावणी झाली की, मग गणपती झाले की, मग सुगी. आमच्याकडे वर्ष असंच जातं. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये यात काही तथ्य नाही, थिएटरात बारा महिने एकच हवा असते. तुमच्या बाजूची अडचण वेगळी आहे, भर पावसात तुमचे ओढे रस्ता अडवतात. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने दाखवायला जावं लागतं. तेव्हा मृगाच्या आधीच जमलं तर उत्तम. नाहीच जमलं तर ते दिवस बेळगावात कुणा पाहुण्यांकडे काढा, पण दिवाळीवर टाकू नका.

पैशाचं थोडक्यात. सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदू हा त्यातला सगळ्यात मोठा धडा. २०१५ ते २०१९ या काळातल्या सरकारी पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या अंध माणसांपैकी तीनात दोघं नुसत्या मोतीबिंदूमुळे अंध निघाली, म्हणजे ऑपरेशनने बरी होण्यासारखी. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या बिम्समध्ये, हे ऑपरेशन होतं. दुसऱ्या दवाखान्यात जाणार असाल तर बीपीएल कार्ड आणि आधार घेऊन जा आणि ॲडमिट व्हायच्या आधीच ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’मध्ये बसतं का ते काउंटरवर विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो. बेळगाव की हुबळी की मिरज यावर घरात खल होईल. मिरजेला नेलं की माणूस बरं होतं ही आपल्याकडची पिढीजात श्रद्धा आहे, तिला मी हात लावत नाही. पण एकदा ऑपरेशन करून भागत नाही, काचबिंदूला जन्मभर खेपा आहेत. जिथे वारंवार जाणं जमेल तिथेच दाखवा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बेळगाव-हुबळीच्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही, मिरजेला आहे. आणि यात कुणी सीमावाद आणला तर सांगा, तो दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमच्या सासूबाईंचा डोळा तेवढा थांबणार नाही.

आता त्या सर्टिफिकेटवाल्या गृहस्थाचं. मनाने वाईट नसेल, पण हिशोब चुकलाय. अपंगत्वाचा टक्का धरतात तो योग्य उपचार आणि योग्य चष्मा झाल्यावर उरलेल्या नजरेवर. ऑपरेशनने सुधारणाऱ्या मोतीबिंदूवर कायमचं प्रमाणपत्र मिळत नाही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के धरतात, आणि सवलती सुरू होतात ४० टक्क्यांपासून. म्हणजे ऑपरेशननंतर डावा डोळा छान निघाला तर पगार नाही मिळणार, आणि तसं व्हावं हीच देवाला मागणी करा. नाहीच फार सुधारला, किंवा काचबिंदूने आजूबाजूचं दिसणं आवळून टाकलं असेल, तर तेही मोजतात. समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही, हे तपासणीच्या वेळी सांगायला विसरू नका.

तशी वेळ आली तर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. ग्राम वन केंद्रात भरून देतात, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. तुमच्या ग्रामपंचायतीत अपंगांच्या कामासाठी नेमलेला एक कार्यकर्ता असतो, त्याला व्ही. आर. डब्ल्यू. म्हणतात. पंचायतीत विचारा, तुम्हाला माहीतही नसेल पण तो गल्लीतलाच कुणी निघेल. कार्ड हातात आलं की पगाराचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे तहसीलच्या खालच्या महसूल कचेरीत. आणि आधी एक काम करा, रेशन कार्ड, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव वाचा. आपल्याकडे एकाच बाईचं एकीकडे ताराबाई होतं आणि दुसरीकडे कानडीत तारव्वा. अर्ज तिथेच अडतो.

आता तुमच्या दुसऱ्या वादाकडे येते. खरं सांगू? मला हा पहिल्याहून मोठा वाटतो.

तुम्ही भीतीपोटी केलंत, त्यात तुमची चूक काढत नाही. पण पन्नास वर्षं ज्या बाईने घर चालवलं तिच्या हातून विळी, परात, चूल एका दिवसात काढून घेतली, तर तिचा डोळा नुसता अधू झालेला असताना तुम्ही हातही अधू केलेत. त्या कोपऱ्यात बसवलीस म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. भाकरी थापणं हे हाताचं काम आहे, डोळ्याचं नाही. पीठ मळलं की नाही ते बोटाला कळतं, तवा तापला का ते तळहाताला कळतं, भाकरी उलटायची वेळ वासावरून कळते. एकदा डोळे मिटून तुम्हीच थापून बघा. पहिल्या दोन बिघडतील.

बदलायचं आहे ते घर. न्हाणीत त्या घसरल्या कारण ओल्या फरशीची कड त्यांना दिसली नाही. न्हाणीच्या आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याला चार बोटं रुंद पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारा. काळ्यावर पिवळं अधू नजरेलाही दिसतं. मागच्या दारापासून संडासापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर एक दोरी ताणून बांधा, म्हणजे रात्री तुम्हाला उठवावं लागणार नाही. तुम्हाला उठवायला लागतं याचीच म्हाताऱ्या माणसाला जास्त लाज वाटते. दारं एकतर सताड उघडी ठेवा नाहीतर पूर्ण लावा, अर्धवट उघडं दार कपाळावर बसतं. पोरांना दप्तर वाटेत टाकू देऊ नका. मिठाचा डबा, काडेपेटी, तांब्या, ज्याची जी जागा ती त्याचीच. ‘जरा इकडे सरकवलं’ हे तुमच्यासाठी जरा असतं, त्यांच्यासाठी अख्खं घर हरवतं.

पांढरा भात स्टीलच्या ताटात त्यांना दिसत नाही, ताटाची चकाकीच दिसते. गडद रंगाची ताटली आणा. तांदूळ निवडायला काळं कापड अंथरा, हुलगे निवडायला पांढरं. बल्ब समोरून नको, खांद्यामागून येऊ द्या, समोरचा उजेड मोतीबिंदूत विस्कटतो आणि सगळं आणखीच धुरकटतं. चुलीपाशी बसताना पदर खोचलेला, लाकडं एकाच हाताला, पाण्याची कळशी जवळ, एवढे नियम करा. पहिले आठ दिवस तुम्ही शेजारी बसा पण हात लावू नका. हे तुम्हाला जड जाईल, माहीत आहे. आणि एवढं करूनही चुलीची तुमची भीती जात नसेल, तर चूल तुमच्याकडे ठेवा, पण लसूण, खोबरं, निवडणं, परड्यातल्या झाडांची आळी करणं हे तरी त्यांचं त्यांना परत द्या. ऑपरेशननंतरचे काही आठवडे चूल बंदच, धुराने आणि राखेने डोळा बिघडेल. पण ते किती दिवस हे आधी सांगा आणि त्या दिवशी परत द्या.

बाहेर नेताना त्यांचा हात धरून ओढू नका. त्यांना तुमचं कोपर धरू द्या, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. तुमचं अंग खाली गेलं की पायरी आली हे त्यांना आपोआप समजतं. खोलीत आलात की बोला, जाताना ‘जाते’ म्हणा. आपण गेल्यावर भिंतीशी बोलत बसलो हे कळलं की फार अपमान वाटतो माणसाला.

आणि तो मुलगा. त्याचा आवाज ऐकून सासूबाई रडतात म्हणता. मी तर म्हणेन त्याला घरी चहाला बोलवा. बेळगावला अंधशाळेत शिकून आलाय म्हणजे ब्रेल वाचत असणार. एक गंमत सांगते. आपल्याकडच्या भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, आणि तिच्यात मराठी ‘क’ आणि कानडी ‘क’ यांचे ठिपके एकच आहेत. ‘ग’ही एकच, ‘म’ही एकच. आपण पाट्यांवरून भांडलो, त्या पोराच्या बोटांना दोन्ही लिप्या एकाच घासात कळतात. सासूबाईंना या वयात ब्रेल शिकवायची नाही, पण तो पैसे कसे ओळखतो ते त्यांना शिकता येईल. १०० च्या नोटेच्या दोन्ही कडांना चार उठावदार तिरप्या रेघा असतात, २०० च्या नोटेला चार रेघा आणि मध्ये दोन बारीक गोल, ५०० ला पाच रेघा. करकरीत नोटेवर अंगठा फिरवला की लागतात, मळक्या नोटेवर मेहनत पडते. त्याचा फोन बोलत असेल, तुमच्याही साध्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, तो मराठीत बोलता करून देईल. ‘माझंबी आसंच होणार’ म्हणजे नेमकं कसं होणार, हे सासूबाईंनी एकदा त्याच्या शेजारी बसून बघायला हवं. त्यांनी आजवर त्याचा फक्त आवाज ऐकलाय. पहिल्या दिवशी रडतीलच, चहा तेवढा दोघांनाही द्या.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्रात मिस्टरांच्या डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. ४४ वय, आईला काचबिंदू, आणि रात्री-अपरात्री चोर्ल्याच्या घाटात टेम्पो. आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल तर आपल्याला होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. चाळिशीनंतर अशा माणसाने वर्षाला एकदा दाब आणि नस तपासून घ्यायलाच हवी. ते म्हणतील, मला तर सगळं लख्ख दिसतं. दिसणारच, काचबिंदू आधी बाजूचं खातो, समोरचं अगदी शेवटी. वळणावर डावीकडून आलेला मोटारसायकलवाला दिसला नाही तर माणूस म्हणतो, तोच एकदम आला. नणंदा-दीर असतील त्यांनाही हेच सांगा. आणि लाल डोळ्यांना मेडिकलमधून कुठले थेंब आणून घालत असतील तर ती बाटली डॉक्टरांना दाखवा. माझे थोरले काका दर सुगीला मळणीच्या धुळीने डोळे लाल झाले की दुकानातून थंडगार थेंब आणायचे, असं कितीतरी वर्षं. त्यात स्टेरॉइड होतं. त्याने दाब वाढला आणि एक डोळा गेला. बाटलीवर काय लिहिलंय ते घरात कुणीच वाचलं नव्हतं, मीही नाही, आणि मी तेव्हा बारावी सायन्सला होते.

तेव्हा आईला दाखवायला न्यायचं निमित्त करून मिस्टरांनाही त्याच बाकावर बसवा. फक्त टेम्पो घरी ठेवा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास नजर भगभगते, त्यात गाडी चालवता येत नाही. जाता-येता बसनेच या. तुम्हा दोघींना तिकीट पडणार नाही, मिस्टरांना तेवढं काढावं लागेल.

तुमची,
ताई